बाबांची झोप आणि चिनी प्रश्नपत्रिका



आपल्या हॉस्टेलवर 'कशी आहेस?' या प्रश्नाला दोनच उत्तरं मिळतात. सबमिशन जवळ आलं असेल तर 'झोपच नाही गं', आणि सबमिशन संपलं असेल तर 'झोप येतेय गं'. मधली अवस्था नाहीच! पीएलमध्ये तर कोण किती वाजेपर्यंत जागलं याची चढाओढ लागते. 'मी तीनला झोपले', 'मी साडेचारला', आणि मग एखादी शांतपणे 'मी झोपलेच नाही' असं सांगून सगळ्यांची विकेट काढते. थोडक्यात काय, झोप आपण मार्कांसारखी मोजतो. 'किती?' एवढा एकच प्रश्न. झोप कशी झाली, मध्ये जाग कधी आली, स्वप्नं कसली पडली, उठल्यावर काय वाटलं, हे कुणी कुणाला विचारत नाही.

हे प्रश्न विचारणारी माणसं मला भेटली ती एका चिनी उपचारपद्धतीच्या निमित्ताने. 'गावाकडचं काहीतरी लिही' असं मासिकाच्या मंडळींनी सांगितलं, तेव्हा ठरवलं की हेच लिहायचं. गाव नागोठणे, उपचार चिनी आणि पेशंट आमचे बाबा!

पालीच्या बल्लाळेश्वराला मुंबईकडून गेला असाल तर नागोठणे तुम्ही पाहिलेलं आहे. वडखळ सोडलं की पुढे, वाकण फाट्याच्या अलीकडे. गावाला लागून अंबा नदी. पावसाळ्यात तिचं पाणी एसटी स्टँडपर्यंत आलं की आमच्याकडे पूर आला म्हणतात, त्याआधी नुसतं 'पाणी वाढलंय'. बाबा धाटावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात ऑपरेटर आहेत. सव्वीस वर्षं झाली. भिसे खिंडीतून रोह्याकडे बाइकवर जाणं-येणं. तीन पाळ्या, दर आठवड्याला बदलणाऱ्या.

शिफ्टवाल्या घरात ज्यांचं लहानपण गेलंय त्यांना वेगळं सांगायला नको. 'बाबा झोपलेत' हे आमच्या घरातलं सगळ्यात मोठं कलम. टीव्ही म्यूटवर. दारावरची बेल बंद. कुकरची शिट्टी नको म्हणून आई दुपारचा भात पातेल्यात शिजवायची. मी आणि दादा भांडायचो तेसुद्धा खुणांनी! पण गेल्या दोन-तीन वर्षांत हे सगळं सांभाळूनही बाबांची झोप बिघडली. पडल्या पडल्या डोळा लागायचा, पण तास-दीड तासाने दचकून उठायचे. झोपेत ओरडायचे, 'अरे, व्हॉल्व बंद कर!' कधी पाण्याचं स्वप्न. पाणी पायऱ्या चढतंय, आजी आत आहे आणि दार उघडत नाही. उठल्यावर म्हणायचे, "रात्रभर ड्युटीच करून आलोय असं वाटतं. ओव्हरटाइम पण नाय त्याचा."

घरगुती उपाय सगळे झाले. आजीने तळपायाला तूप लावून काशाची वाटी फिरवली. जायफळ उगाळून दुधातून दिलं. शेजारच्या एका काकांनी 'ही अर्धी गोळी घे, मस्त लागते' म्हणून स्वतःच्या पाकिटातली झोपेची गोळी पुढे केली. आईने ती तिथल्या तिथे परत दिली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, साखर, थायरॉइड, बीपी सगळं ठीक. घोरतात का तेही विचारलं. मग म्हणाले, शिफ्ट आहे, चालायचंच.

पनवेलच्या मावशीची मान अ‍ॅक्युपंक्चरने सुटली होती. तिनेच आग्रह धरला, आणि एका सुट्टीच्या दिवशी आई-बाबा आणि मी असे तिघं सकाळच्या दिवा गाडीने पनवेलला गेलो. मी कशाला? तर 'तू इंजिनिअर आहेस, तुला कळेल' म्हणून. केमिकलच्या थर्ड इयरला सुया कळतात असा आईचा समज आहे!

आता मधेच थोडा इतिहास. चिनी वैद्यक म्हटलं की आपल्याला पिक्चरमधला पांढऱ्या दाढीचा म्हातारा आठवतो, पण या गोष्टीत एक मराठी नाव आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला भारतातून १९३८ साली पाच डॉक्टरांचं पथक गेलं, त्यात ते होते. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकर आणि बंगालचे डॉ. बी. के. बसू. कोटणीस तिथेच राहिले, तिथेच लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. व्ही. शांतारामांचा १९४६ चा चित्रपट त्यांच्यावरचा. कोटणीस आधुनिक शल्यवैद्य होते, सुयांवाले नव्हेत. पण त्यांचे सहकारी बसू १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकून आले आणि कलकत्त्यात त्यांनी ते सुरू केलं. भारतात ही विद्या रुजली ती मुख्यतः तिथून. महाराष्ट्रात तिच्यासाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि केंद्र सरकारने २०१९ मध्ये तिला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. म्हणजे सुया टोचणारा कुणीही चालतो असं नाही. नोंदणी आहे का, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. आईने विचारलं. डॉक्टरबाईंनी हसून भिंतीवरचं प्रमाणपत्र दाखवलं.

मग सुरू झाली प्रश्नपत्रिका. मी वहीत उतरवून घेतली, ती अशी :

१) झोप लागतच नाही, की लागते आणि तुटते?
२) तुटते तर किती वाजता? रोज साधारण त्याच वेळी?
३) स्वप्नं आठवतात का? त्यात भीती असते, राग असतो, की नुसती धावपळ?
४) उठल्यावर छाती धडधडते का? तोंड कोरडं? तळपाय गरम?
५) रात्री जेवण किती वाजता? पोट जड वाटतं?
६) चहा किती? शेवटचा कधी?
७) दिवसा कधी नकळत डोळा लागतो का? गाडीवर?

सातवा प्रश्न लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय. पहिल्या सहांची उत्तरं बाबांनी व्हायवाला उभं राहिल्यासारखी दिली. मग डॉक्टरबाईंनी जीभ पाहिली, दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी पाहिली आणि म्हणाल्या, "चिनी भाषेत सांगायचं तर तुमच्या हृदयाचा आणि मूत्रपिंडाचा मेळ नाही." आई घाबरली. त्यांनी लगेच समजावलं की हे अवयव म्हणजे सोनोग्राफीत दिसतात ते नव्हेत, किडनी ठणठणीत आहे. त्या शास्त्रात मन हृदयात राहतं असं मानतात. हृदय म्हणजे आग, मूत्रपिंड म्हणजे पाणी. आग खाली उतरायला हवी, पाणी वर चढायला हवं. हे फिरणं थांबलं की वर आग तशीच राहते, मन तडफडतं आणि स्वप्नं वाढतात.

बाबा एकदम खूश. "म्हणजे बॉयलरच की! सर्क्युलेशन बंद पडलंय."

खरं सांगते, हा सिद्धांत मी काही परीक्षेत लिहिणार नाही. पण त्याच्यामागची रीत मला आवडली. आपण सगळ्या बिघाडाला एकच नाव देतो, 'झोप येत नाही'. चिनी वैद्य त्याचे प्रकार पाडतो. विचार आणि अभ्यास करून रक्त आटलेला, म्हणजे फिकट, थकलेला आणि विसराळू माणूस हा एक प्रकार. (आपल्या हॉस्टेलवर पन्नास टक्के!) रागाने धुमसणारा, ज्याचं यकृत तापलंय, तो दुसरा. रात्री उशिरा तेलकट खाऊन झोपणारा तिसरा, कारण पोट बिघडलं तर पडणं सुखाचं नाही हे त्यांच्या दोन हजार वर्षांच्या जुन्या ग्रंथातही आहे. (उरलेले पन्नास टक्के!) लहानशा आवाजाला दचकणारा चौथा. आणि आमच्या बाबांचा आग-पाण्याचा पाचवा. प्रत्येकाच्या सुयांच्या जागा वेगळ्या, काढा वेगळा.

याच जुन्या ग्रंथात, 'हुआंगदी नेइजिंग' त्याचं नाव, झोपेची आणखी एक गंमत आहे. शरीरात एक रक्षक शक्ती फिरते. दिवसा ती बाहेरच्या अंगाला पहारा देते, रात्री आत शिरते. आत शिरली की झोप, बाहेर आली की जाग. हे ऐकल्यावर बाबा म्हणाले, "मंजे तिला पण शिफ्ट हाय. पण तिची कायम जनरल!" डॉक्टरबाई हसल्या, पण मला वाटतं, त्या दिवसाचं निदान बाबांनी तिथेच केलं होतं.

स्वप्नांची तर त्या ग्रंथात यादीच आहे. फार उपाशी झोपलं तर काहीतरी घेतल्याची स्वप्नं, पोट तुडुंब असेल तर दिल्याची. मेसच्या वेळा चुकवणाऱ्यांनी तपासून पाहावं! शरीरात वरच्या बाजूला जोर झाला तर उडण्याची, खालच्या बाजूला झाला तर पडण्याची. यांग वाढलं तर आगीची स्वप्नं, यिन वाढलं तर मोठं पाणी ओलांडतोय आणि भीती वाटतेय अशी. चरकानेही स्वप्नांचे सात प्रकार सांगितलेत. पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं, कल्पिलेलं, पुढे घडणारं आणि दोषांमुळे पडणारं.

पाण्याचं ऐकून बाबा गप्प झाले. "दोन हजार वर्सांपूर्वी त्यांना कसं माहीत?" मला मात्र वाटलं, अंबेच्या काठावरच्या गावात पाण्याचं स्वप्न कुणाला पडत नाही? जुलै १९८९ मध्ये अंबेला महापूर आला. वर जांभूळपाड्याचा तर घात झाला, आणि नागोठण्यातही पाणी घरांत घुसलं. बाबा तेव्हा नववीत होते. आजीला पाठीवर घेऊन ते वरच्या आळीला गेले होते. चरकाच्या यादीतला 'अनुभवलेलं' हा प्रकार तिथे चपखल बसतो, यिन-यांगची गरज पडत नाही. पण एक गोष्ट खरी. पस्तीसहून जास्त वर्षांत ही पाठीवरची गोष्ट आम्ही मुलांनी ऐकली नव्हती. 'स्वप्न कसलं?' असं विचारलं म्हणून ती त्या दिवशी बाहेर आली.

मग सुया. केसासारख्या बारीक. मनगटाच्या घडीवर करंगळीच्या बाजूला एक, तिचं नाव शेनमेन, म्हणजे मनाचं दार. घोट्याच्या आतल्या बाजूला चार बोटं वर एक. कानामागे एक, तिच्या नावाचा अर्थच 'शांत झोप'. बाबा आडवे पडले, दिवा मंद केला, आणि डॉक्टरबाईंनी जाता जाता विचारलं, "सातव्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. गाडीवर कधी डोळा लागलाय?"

बाबा छताकडे बघत म्हणाले, "दोनदा."

आई खुर्चीत ताठ झाली. बाबा सांगत राहिले. पहाटे फर्स्टला जाताना, भिसे खिंडीच्या वळणावर. पहिल्या वेळी चाक कडेच्या खडीवर गेल्याच्या आवाजाने जाग आली. दुसऱ्या वेळी समोरच्या ट्रकच्या हॉर्नने. घरी सांगितलं नाही, उगाच काळजी नको म्हणून. मग पाच मिनिटांत बाबा सुयांसकट घोरायला लागले, आणि आई आणि मी त्या अंधाऱ्या खोलीत एकमेकींकडे न बघता बसून राहिलो. ज्या रस्त्याने गेली सव्वीस वर्षं आमचं घर चाललं, त्या रस्त्यावर आमचे बाबा दोनदा झोपले होते. आणि आम्हाला काळजी होती ती स्वप्नांची!

त्या दिवसापासून बाबा एकट्याने बाइकवर पहाटेच्या पाळीला गेलेले नाहीत. तिघाजणांनी मिळून एक इको ठरवली आहे. खर्च होतो, पण आई त्यावर एक शब्द बोलत नाही.

डॉक्टरबाईंनी गोळी दिली नाही, काढाही दिला नाही. दिलं ते होमवर्क. झोपेची नोंद ठेवायची. बाबांनी ती कारखान्याच्या लॉगशीटसारखी आखली. शिफ्ट, पडलो, लागली, जाग किती वेळा, स्वप्न, चहा, उठल्यावर. शेरे वाचण्यासारखे आहेत. 'स्वप्न : निल.' 'स्वप्न : पंप ट्रिप.' 'स्वप्न : शाळेत गणिताचा पेपर, पँट नाही.' नऊ आठवडे, म्हणजे पाळ्यांचे तीन पूर्ण फेरे झाल्यावर मी सुट्टीत ती वही घेऊन बसले आणि ग्राफ काढला. (अखेर इंजिनिअर कामाला आली!)

आम्हाला सगळ्यांना वाटायचं की रात्रपाळी वाईट. ग्राफ वेगळंच सांगत होता. रात्रपाळीच्या आठवड्यात बाबांना दिवसा दोन तुकड्यांत मिळून साडेपाच तास तरी झोप मिळत होती. सगळ्यात वाईट होते फर्स्टच्या आठवड्याचे पहिले तीन दिवस. जेमतेम चार तास, आणि दचकून उठण्याच्या बहुतेक नोंदी तिथेच. कारण त्यांच्या पाळ्या फिरतात त्या नाइट, मग सेकंड, मग फर्स्ट अशा. म्हणजे दर आठवड्याला शरीराला सांगायचं, कालच्यापेक्षा आठ तास लवकर झोप! आपल्या शरीरात एक घड्याळ असतं, त्याच्या यंत्रणेच्या शोधाला २०१७ चं नोबेल मिळालं. ते घड्याळ बहुतेकांच्या बाबतीत चोवीस तासांहून किंचित जास्त लांबीचं असतं. त्यामुळे त्याला पुढे ढकलणं सोपं आणि मागे ओढणं कठीण. उशिरा झोपायला तुम्हाला कुणी शिकवावं लागतं का? लवकर झोपून दाखवा! फर्स्ट, सेकंड, नाइट असा सुलटा फेरा त्या मानाने सोसतो. बाबांचा फेरा उलटा होता.

आणि 'जास्त स्वप्नं' म्हणजे काय? १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी दाखवलं की झोपेत ठरावीक अंतराने डोळे पापण्यांखाली भराभर हलतात, आणि त्या वेळी उठवलं तर माणसाला स्वप्न आठवतं. हा फेरा साधारण दीड तासाचा, रात्रीत चार-पाच वेळा येतो, आणि पहाटेकडे स्वप्नांचा भाग लांबत जातो. म्हणजे स्वप्नं सगळ्यांनाच भरपूर पडतात. ज्याची झोप सलग असते त्याला ती आठवत नाहीत. ज्याची मधेच तुटते त्याच्या हातात दर वेळी एक स्वप्न अर्धवट राहतं. शिवाय झोप मारली की शरीर पुढच्या झोपेत स्वप्नांची थकबाकी वसूल करतं. सबमिशननंतरच्या रात्री आपल्याला जी चित्रविचित्र स्वप्नं पडतात ना, ती हीच!

आता तुम्ही विचाराल, सुयांनी गुण आला का? बाबांची दहा सिटिंग्ज झाली. चार-पाच वेळा येणारी जाग दोनवर आली. पण त्याच काळात ड्युटीवरून आल्यावरचा चहा बंद झाला, पहाटेची बाइक बंद झाली, खोलीला जाड पडदा लागला, आणि एक माणूस अर्धा तास त्यांचं ऐकायला लागला. इतके व्हेरिएबल एकदम बदलल्यावर कुठल्याने काम केलं ते सांगता येत नाही, हे सेकंड इयरचं पोरही सांगेल. मोठ्या प्रमाणावर पाहणाऱ्यांचंही असंच झालं. झोपेसाठीच्या अ‍ॅक्युपंक्चरचा कॉक्रेनचा २०१२ चा आढावा आहे. त्यात ३३ चाचण्या आणि २२९३ माणसं. निष्कर्ष असा की चाचण्यांचा दर्जा इतका कच्चा आहे की उपयोग होतो असंही ठाम म्हणता येत नाही आणि होत नाही असंही. बाबांचं मत विचाराल तर, "सुया लावल्यावर बरं वाटतं. बस."

औषधांबद्दल मात्र सावध राहायला हवं. चिनी काढ्यातलं झोपेचं सगळ्यात नावाजलेलं द्रव्य म्हणजे एका रानबोराच्या जातीच्या आठळीतला गर. जोडीला ज्येष्ठमध वगैरे. ऐकायला आपल्या बोरासारखंच घरगुती. पण तिकडच्या मन शांत करणाऱ्या एका जुन्या प्रसिद्ध गोळीचा मुख्य घटक आहे हिंगूळ, म्हणजे मर्क्युरिक सल्फाइड. पारा म्हणजे काय हे केमिकलवाल्यांना सांगायला नको. तेव्हा 'हर्बल आहे, काही होत नाही' म्हणून कुठूनही मागवलेली गोळी तोंडात टाकू नका. चालू असलेली डॉक्टरांची झोपेची गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंदही करू नका. आणि जो मोठ्याने घोरतो, घोरता घोरता श्वास अडकून उठतो, त्याने आधी डॉक्टर गाठावा, सुया नंतर.

आधुनिक वैद्यकात जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून गोळी नाही, तर सवयी आणि विचार बदलण्याची उपचारपद्धती सांगतात. अमेरिकेच्या फिजिशियन संघटनेने २०१६ मध्ये तशी शिफारस केली. उठण्याची वेळ पक्की, बिछाना फक्त झोपेसाठी, झोप येत नसेल तर उठून बसा, वगैरे. आणि या उपचाराची सुरुवात कशाने होते माहीत आहे? झोपेची वही लिहिण्याने! दोन हजार वर्षांचा चिनी वैद्य आणि आजचा झोपतज्ज्ञ यांचं इतर कशात जमो न जमो, औषधाआधी नीट विचारा यावर दोघांचं जमतं.

सुई पाळी बदलत नाही. हे बाबांनाच आधी कळलं. वहीचे ग्राफ घेऊन ते सुपरवायझरकडे गेले. 'सगळ्यांनाच असतं' असं उत्तर मिळालं. सगळ्यांनाच असतं म्हणताय, तर सगळ्यांकडूनच लिहून आणतो, म्हणून बाबांनी आणखी सहा जणांना वह्या आखून दिल्या. फेरा सुलटा करावा असा त्या सातजणांचा अर्ज आत गेलाय. हे लिहीपर्यंत उत्तर आलेलं नाही. पंप ट्रिपची स्वप्नं अजून पडतात. पाण्याचंही एकदा पडलं. फरक एवढाच की सकाळी चहाला बाबा ते सांगतात, आणि आजी प्रत्येक वेळी दुरुस्ती करते, "पाठीवर नव्हतं रे घेतलंस, खांद्यावर घेतलंस."

तर मंडळी, पुढच्या पीएलला 'किती झोपलीस?'च्या ऐवजी वर दिलेले सात प्रश्न रूममेटला विचारून बघा. आठवडाभर लिहून ठेवा. शेवटचा चहा किंवा कॉफी किती वाजता आणि जाग किती वेळा, एवढे दोन रकाने आखले तरी पुष्कळ कळतं. गाडीवर घरी जाणाऱ्यांनी सातवा प्रश्न स्वतःला न चुकता विचारावा. सबमिशनची रात्र काढून सकाळी बाइकवर हायवेला लागणारे आपल्यात कमी नाहीत. निघण्याआधी वीस मिनिटं झोपा, नाहीतर सरळ एसटीने जा.

आणि हो, शिफ्ट फक्त कारखान्यात नसते. आपल्या गेटवरचे काका रात्रभर जागतात, मेसच्या मावशी पहाटे चारला चूल पेटवतात. आपण त्यांना 'गुड मॉर्निंग' म्हणतो आणि पुढे जातो. परवा मी गेटवरच्या काकांना विचारलं, "काका, दिवसा झोप कशी लागते हो तुम्हाला?" काकांनी रजिस्टर बाजूला ठेवलं, स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाले, "बस. सांगतो."

पहिलं लेक्चर बुडलं. पण वहीची दोन पानं भरली!